मोतद्दाराचें नांव काय?

(कल्याण तालुक्यांतील एका गांवीं, शाळेच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींपुढें तेथील शिक्षकानें केलेलें भाषण)



कोणी शेतावरून, कोणी लोहाराच्या भट्टीवरून, कोणी कुंभाराच्या चाकावरून उठून आज येथें आलांत. दिवसभर राबून थकलेला माणूस रात्रीं दोन घटका बसतो तो कांहीं तरी पदरांत पडावें म्हणून. आमच्यासारख्या गांवच्या मास्तराजवळ पैका नाहीं, वतन नाहीं. गोष्टी मात्र आहेत. त्यांतल्या चार आज सांगतों. त्या कल्पित नाहींत, आणि दूर देशींच्याहि नाहींत. आपल्या ठाणें-कल्याणच्या मातींत त्या घडल्या. तरी पुष्कळांनीं त्या ऐकल्या नसतील, आणि ऐकल्यावर "असें कधीं होईल काय?" म्हणून विचारतील. शेवटीं आम्ही तुम्हांपाशीं एक मागणें मागणार आहों. तें पैशाचें नाहीं, म्हणून कोणी उठून जाऊं नये.

ठाण्याचें मध्यवर्ती कारागृह तुम्हीं पाहिलें असेल. बाहेरूनच पाहिलें असो, म्हणजे झालें! त्या जागेच्या जुन्या दगडी भिंती मुळांत तुरुंगासाठीं उभारलेल्या नव्हत्या. तो किल्ला होता. पोर्तुगीजांनीं १७३० च्या सुमारास तो बांधावयास घेतला. १७३७ सालीं चिमाजी आप्पाच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला, आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो घेतला. याच किल्ल्यांत १८१५ सालीं एक बडा कैदी आणून ठेवला. त्याचें नांव त्रिंबकजी डेंगळे.

हा त्रिंबकजी जातीचा मराठा. आरंभीं तो साधा जासूद होता. दुसऱ्या बाजीरावाची मर्जी त्याजवर बसली आणि जासुदाचा कारभारी झाला. कारभार कसा होता तेंहि सांगितलें पाहिजे. मामलती मक्त्यानें दिल्या जात. जो जास्त रक्कम कबूल करील त्यास मामलत, आणि कबूल केलेली रक्कम तो रयतेच्या उरावर बसून वसूल करी. तेव्हां त्रिंबकजी आपल्यांतला म्हणून त्याचा जुलूम गोड मानावा, असें आम्ही सांगणार नाहीं. कुणब्याच्या पाठीवर आसूड कोणाच्या हातचा पडला, यावरून वळ कमीजास्त उठत नाहीं.

१८१५ च्या जुलईंत बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरीं खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर बोलणीं करावयास आले होते. खून त्रिंबकजीनें करविला असा आळ आला, आणि पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटानें, म्हणजे एल्फिन्स्टन साहेबानें, त्याला हवालीं करण्याचा तगादा लाविला. बाजीरावानें पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटीं सप्टेंबरांत त्यानें आपल्या लाडक्या कारभाऱ्यास इंग्रजांच्या स्वाधीन केलें, आणि त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला.

आतां खरी गंमत येथून आहे. इंग्रज सावध. त्यांनीं विचार केला कीं, पहाऱ्यावर देशी शिपाई ठेवले तर कोणी लांच खाईल, कोणी फितूर होईल. म्हणून त्रिंबकजीच्या खोलीवर सगळा पहारा गोऱ्या शिपायांचा ठेविला. एकहि काळा माणूस तेथें नको. म्हणजे पांखराचीहि वार्ता आंत जाणार नाहीं, असा बंदोबस्त झाला असें त्यांस वाटलें.

पण गोऱ्या साहेबाचा घोडा काय गोरा मनुष्य धुतो? त्याला खरारा कोण करील? त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवील कोण? त्यासाठीं किल्ल्यांतल्या एका अंमलदाराच्या पदरीं एक मराठा मोतद्दार होता. तो रोज धन्याचा घोडा फिरवावयास नेई. जातां येतां त्रिंबकजीच्या खिडकीवरून त्याची फेरी होई. आणि फिरवतां फिरवतां तो गाणें म्हणे. मान खालीं, हातांत लगाम, तोंडांत गाणें. पहारेकऱ्यांनीं रोज ऐकलें आणि रोज सोडून दिलें. त्यांना मराठी येत नव्हतें. आणि गड्यानें काम करतांना गुणगुणावें यांत संशय घेण्यासारखें तरी काय आहे?

त्या गाण्यांतून निरोप जात होता. बाहेर माणसें कोठें दबा धरून बसलीं आहेत, घोडीं कोठें बांधलीं आहेत, हें सारें त्यांत गुंफलेलें होतें. हिशेबहि होता: घोडीं पंचावन्न आणि स्वार चौपन्न. आमच्या शाळेंत पहिलींतल्या पोरानेंहि बोटें मोडून सांगितलें कीं, एक घोडें मोकळें राहिलें! तें मोकळें घोडें कोणासाठीं, हें खिडकींतल्या ऐकणारास समजलें. दारावर बंदूक घेऊन उभा असलेला मात्र समजला नाहीं.

१२ सप्टेंबर १८१६. पावसाळा अजून सरला नव्हता. दिवस मावळल्यावर त्रिंबकजी नित्याप्रमाणें खोलीला लागून असलेल्या पडवीकडे गेला. पलीकडे तबेला होता. तेथल्या भिंतीला आधींच भोंक पाडून ठेविलेलें होतें. त्यांतून तो निसटला, खाडी ओलांडली, आणि सह्याद्रीच्या डोंगरांत नाहींसा झाला. पुढें त्यानें भिल्ल, रामोशी, मांग अशीं माणसें जमवून दंगा मांडला. तोच धागा इंग्रजांनीं बाजीरावाच्या गळ्याभोंवतीं आवळला. १८१७ सालीं बाजीरावाला त्रिंबकजीला पकडून देणारास दोन लाख रुपयांचें बक्षीस जाहीर करावें लागलें, पुण्याचा तह निमूट करावा लागला. त्याच सालीं नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली, आणि १८१८ सालीं पेशवाई संपली. पेशवाई बुडण्याचीं कारणें पुष्कळ आहेत, आणि तीं त्या कारभाराच्या पोटांतच होतीं. पण त्या सोंगट्यांच्या डावांत एक फांसा ठाण्याच्या तबेल्यांतून पडला, हें खरें.

त्रिंबकजी १८१८ सालीं पुन्हां सांपडला. या वेळीं त्याला दूर काशीजवळ चुनारच्या किल्ल्यांत ठेविलें, आणि तेथेंच १८२९ सालीं तो मेला. कलकत्त्याचा बिशप हेबर यानें १८२४ सालीं चुनारला हा कैदी प्रत्यक्ष पाहिला. तेथें पहारा कसा होता म्हणाल, तर गोरा होताच, पण सोबत देशीहि होता. ठाण्यास शिकलेला धडा साहेब विसरला नव्हता! पुढच्याच वर्षीं हा बिशप ठाण्यास आला, तेव्हां त्यानें या पलायनाची हकीकत लिहून घेतली आणि मोतद्दाराचें गाणें आपल्या रोजनिशींत उतरविलें. उतरविलें तें मात्र इंग्रजींत, इंग्रजी वृत्तांत बसवून. पाहा दैवाची थट्टा! जें गाणें इंग्रजाला कळूं नये म्हणून रचलें, तें पुस्तकांत इंग्रजींत राहिलें.

ग्रँट डफ साहेबानेंहि १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. कैद्याचें नांव दिलें, पेशव्याचें दिलें, रेसिडेंटाचें दिलें. ज्यानें जिवावर उदार होऊन गाणें म्हटलें त्याला काय म्हटलें आहे? 'एक मराठा मोतद्दार.' बस्स, इतकेंच.

ही गोष्ट आम्हीं वर्गांत सांगितली. मुलें घोड्यासारखीं टापा वाजवूं लागलीं. तितक्यांत मागच्या बांकावरची एक लहान मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या मोतद्दाराचें नांव काय?"

मंडळी, आम्ही वीस वर्षें मुलांचे प्रश्न सोडवीत आलों आहों. त्या दिवशीं खडू हातांत तसाच राहिला. सन सांगतां आला, तारीख सांगतां आली, घोड्यांची संख्या सांगतां आली. माणसाचें नांव सांगतां आलें नाहीं. घरीं आलों तरी तो प्रश्न मागें मागें येत राहिला. त्याच प्रश्नाच्या मागोव्यानें बाकीच्या गोष्टी आम्हांस सांपडल्या. आतां त्या ऐका.

कोणी म्हणेल, "मास्तर, पूर्वीं गरिबाचें नांव कोण लिहून ठेवणार? तें कधींच राहात नसे." आम्हांसहि तसेंच वाटत होतें. पण तसें नाहीं. आपलें कल्याण हें आजकालचें शहर नव्हे. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें समुद्रावरील बंदरांची माहिती लिहिली, तींत या बंदराचें नांव 'कल्लिएना' असें आहे. त्या कल्याणचे लोक साष्टीच्या डोंगरांत कान्हेरीच्या लेण्यांस दानें देत. तीं लेणीं आतां बोरिवलीच्या बाजूस, राष्ट्रीय उद्यानांत आहेत. डोंगर कोरून केलेल्या शंभरांहून अधिक गुंफा तेथें आहेत, भिक्षूंच्या बसण्याचे ओटे आहेत, आणि पाण्याचीं टांकीं आहेत, ज्यांस त्या काळीं 'पोढी' म्हणत. आणि दगडावर लेख आहेत. ब्राह्मी लिपींत, प्राकृत भाषेंत, म्हणजे त्या काळच्या बोलीच्या जवळच्या भाषेंत.

त्या लेखांत काय आहे? राजाचें नांव आहे, व्यापाऱ्यांचीं आहेत, हें ठीकच. पण एका लेखांत लिहिलें आहे कीं, हें पाण्याचें टांकें कल्याणच्या सामिदत्त सोनाराचें दान. आणि दुसऱ्या लेखांत आहे कीं, ही वाट कल्याणच्या नंद लोहाराचें दान!

लोहारदादा, ऐकलेंत काय? सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं आपल्या कल्याणांत नंद नांवाचा लोहार होता. भात्याशीं बसून, ऐरणीवर घाम गाळून जे चार नाणे त्यानें शिल्लक टाकले, त्यांतून त्यानें डोंगरांत वाट करून दिली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय ठेंचकाळूं नये. आणि त्यानें लाजत लाजत दान दिलें नाहीं. 'लोहार' हा शब्द लपविला नाहीं. नांव, गांव, धंदा, तिन्ही दगडांत कोरून ठेविलें. राज्यें गेलीं, बंदर गाळानें भरलें. नंद लोहाराचें नांव आहे तेथें आहे.

पण या गोष्टीला आणखी एक पेंच आहे. पुढें ती लिपीच लोक विसरले. शेंकडों वर्षें गुराखी त्या लेण्यांत पावसापाण्याला बसले, बैरागी राहिले, सरदार शिकारीला गेले. अक्षरें डोळ्यांपुढें होतीं आणि वाचणारा कोणी नव्हता. कोणी म्हणे भुतांनीं कोरलीं, कोणी म्हणे पांडवांनीं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप नांवाच्या साहेबानें ब्राह्मी लिपीची किल्ली शोधून काढली, आणि त्यानंतर विद्वानांनीं कान्हेरीचे लेख वाचले. तेव्हां नंद लोहार पुन्हां बोलूं लागला. म्हणजे नांव राहण्यास दोन गोष्टी लागतात. कोणी लिहिणारा लागतो आणि कोणी वाचणाराहि लागतो. मोतद्दाराच्या बाबतींत लिहिणारे होते, पण त्यांनीं विचारलें नाहीं. नंदाच्या बाबतींत लिहिलेलें होतें, पण वाचणारा उरला नव्हता.

तिसरी गोष्ट तुम्हां सर्वांस पाठ आहे, असें तुम्हांस वाटत असेल. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, एकवीस मैलांची वाट, आणि एकवीस तोफांची सलामी. गाडीला इंजिनें किती होतीं? तीन. त्यांचीं नांवें? पोरें हात वर करून ओरडतात: साहिब, सिंध, सुलतान! परीक्षेंत गुण मिळतात. १ मे १८५४ रोजीं हीच वाट खाडी ओलांडून कल्याणास पोंचली, आणि पुढें १८६३ सालीं भोर घाट चढून गेली.

आतां आम्ही विचारतों. लोखंडाच्या इंजिनाला नांव आहे, तें आपण सत्तर पिढ्या पाठ करूं. पण साष्टीची दलदल भरतांना डोक्यावर पाटी कोणीं वाहिली? खाडीच्या पुलाचा दगड कोणीं घडविला? भोर घाटांत सुरुंग कोणीं ठासले, आणि पटकीच्या सांथींत, दरडींखालीं जे हजारों मजूर मेले ते कोणत्या गांवचे, कोणाचे कोण? कंत्राटदारांचीं नांवें कागदांत आहेत. साहेब इंजिनिअरांचीं आहेत. बाईमाणसें कडेवरचें पोर खालीं ठेवून खडी फोडीत होतीं, त्यांतल्या एकीचें नांव आपण सांगूं शकतों काय? यंत्राला बारसें आणि माणसाला हजेरीचा आंकडा! आणि आम्ही मास्तरांनींहि आजवर तेंच शिकविलें. दोष देतांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

एवढ्यावरून निराश होऊं नका, कारण चौथी गोष्ट वेगळी आहे. आगगाडी येण्याच्या पांच वर्षें आधीं, १८४८ सालीं, याच ठाण्यांत एका गरीब माळ्याच्या घरीं एक मूल जन्मलें. शिक्षण ठाण्यासच झालें. पुढें त्यानें रेल्वे आणि डाक खात्यांत नोकरी केली, मग मुंबईच्या एका कापडाच्या गिरणींत. गिरणींत त्यानें काय पाहिलें? दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवावयास धड सुटी नाहीं, पगाराचा दिवस ठरलेला नाहीं, आणि आठवड्याची सुटी तर कोणी ऐकलीहि नव्हती. या माणसाचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. १८८० पासून त्यांनीं 'दीनबंधु' पत्र चालविलें, आणि १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा बोलावून सरकारच्या कमिशनकडे अर्ज केला. मागणें काय? आठवड्यांत एक दिवस विसांवा, दुपारीं अर्धा तास सुटी, ठरलेल्या वेळीं काम सुरू आणि ठरलेल्या वेळीं बंद, ठरलेल्या तारखेच्या आंत पगार.

पण आम्हांस त्या अर्जांतली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. साडेपांच हजार! जे हजेरीपटावर आंकडे होते, ते कागदावर नांवें झाले. हा कागद कोणा एकाचा नव्हता. 'हें मी मागतों' असें प्रत्येकानें म्हटलें. पुढें २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तींत दोन कामगार बायांनीं उभें राहून भाषण केलें. त्या काळीं! १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आज शहरांत जो तो रविवारीं पाय पसरून बसतो, बायकोला म्हणतो, "आज सुटी आहे." ती सुटी आभाळांतून पडली नाहीं. ठाण्याच्या एका माळ्याच्या पोरानें आणि साडेपांच हजार सह्यांनीं ती मिळविली.

आतां चारी गोष्टी एका दाव्याला बांधून पाहा. लोहाराचें नांव दगडांत कोरलें, तें राहिलें. मोतद्दाराला कोणी नांव विचारलें नाहीं, तें गेलें. खडी फोडणारीचें नांव कोणीं लिहिलें नाहीं, तेंहि गेलें. कामगारांनीं स्वतःच सह्या केल्या, तेव्हां सरकारालाहि कान द्यावा लागला. यांत नशिबाचा भाग थोडा आणि लेखणीचा फार. लेखणी ज्याच्या हातीं, त्याच्या कानाला जें ऐकूं येतें तेवढेंच कागदावर उतरतें. गोऱ्या पहारेकऱ्याचे कान चांगले होते. गाणें त्यांत शिरतहि होतें. पण नोकराचें गाणें म्हणजे पांखराची किलबिल, त्यांत अर्थ कसला, असें तो समजला आणि फसला.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती देण्याचा धीर पुष्कळ दिवस झाला नव्हता.

आमची आई पहांटे जात्यावर बसे. आम्ही तिच्या मांडीवर डोकें ठेवून अर्धे झोपेंत असूं. ती ओंव्या म्हणे. त्यांत विठोबा-रखुमाई तर असेच, पण तिच्या माहेरचा पूर असे, तिच्या बापाची गवताची गाडी कल्याणच्या बाजारीं जाण्याची हकीकत असे, कोणत्या सालीं गुरें मेलीं आणि कोणीं दाणे उधार दिले नाहींत तें असे. तिला अक्षर येत नव्हतें. तिची वही तिच्या गळ्यांत होती. पुढें आम्ही ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून आलों. शुद्ध बोलण्याचा नवा अभिमान अंगांत मुरलेला. एकदां ती दळतां दळतां गात असतां आम्ही म्हणालों, "आई, हें अशुद्ध आहे. 'व्हतं' नव्हे, 'होतें' म्हणावें." ती कांहीं बोलली नाहीं. जात्याची घरघर तेवढी ऐकूं येत राहिली. त्यानंतर आमच्यादेखत ती कधीं गायली नाहीं.

तिला जाऊन आज बरींच वर्षें झालीं. तिच्या बापाचें नांव आम्हांस ठाऊक आहे. तिच्या आईचें ठाऊक नाहीं. तें एका ओंवींत होतें एवढें आठवतें. चाल आठवते, शब्द आठवत नाहींत. ठाण्याच्या किल्ल्यावरचा तो पहारेकरी तरी परक्या मुलखाचा होता, त्याला भाषा येत नव्हती. आम्हांस भाषा येत होती. त्या मोतद्दाराचें नांव विचारलें नाहीं म्हणून साहेबांना बोल लावतांना आमची जीभ अडखळते ती यामुळें.

म्हणून आतां मागणें मागतों. मोट गेली, पंप आला. जातें अडगळींत पडलें, चक्कीवर दळण जाऊं लागलें. त्याचें दुःख करूं नये, मायबहिणींच्या खांद्यांचे कष्ट वांचले. पण मोटेवरचें गाणें आणि जात्यावरची ओंवी ज्यांच्या गळ्यांत आहे, तीं माणसें अजून चार-दोन घरीं आहेत. त्यांच्यापाशीं बसा. घरांतलें शाळेंत जाणारें पोर हाताशीं घ्या आणि साधी एक वही करा. तींत तीन गोष्टी लिहा. पहिली, आपल्या घरांतल्या ज्या ज्या माणसाचें नांव आठवतें तें नांव, आणि बायांचींहि नांवें, माहेरचीं आणि सासरचीं दोन्ही. दुसरी, तें माणूस कोणतें काम करी. तिसरी, त्याच्या तोंडचें एक तरी गाणें, म्हण किंवा हकीकत, जशी म्हटली तशी. 'व्हतं' म्हटलें असेल तर 'व्हतं'च लिहा. शुद्ध करावयास आमच्याकडे आणूं नका! आम्हीं पुष्कळ शुद्ध केलें, आतां पुरे.

आणि एक बजावून सांगतों. खोटें लिहूं नका. वही हातीं आली कीं, माणसाला वाटतें, आपला पणजा सरदार होता असें लिहावें, कोणा राजाच्या वंशाला आपली दोरी बांधावी. कशाला? नंद लोहारानें आपल्याला राजपुत्र म्हणवून घेतलें नाहीं. लोहार म्हणूनच तो अठराशें वर्षें टिकला. पणजा गुरें राखीत असेल तर गुराखी लिहा. कर्जांत जमीन गेली असेल तर तेंहि लिहा, किती रुपयांत गेली तें लिहा. आजोबानें कोणाचें वाईट केलें असेल तर तेंहि झांकूं नका. त्रिंबकजीचा मक्ता आम्हीं झांकला नाहीं.

आमच्या वर्गांतल्या मुलांनीं सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशीं पुष्कळ वह्या कोऱ्या आल्या. आजोबापलीकडे कोणास कांहीं ठाऊक नव्हतें. मग मुलें घरोघर विचारूं लागलीं. गेल्या आठवड्यांत ती मागच्या बांकावरची मुलगी वही घेऊन आली. तिच्या पणजीचें नांव तिला तिच्या आजीच्या बहिणीनें सांगितलें, आणि पणजी मिठागरावर कामाला जाई हेंहि सांगितलें. मुलगी म्हणाली, "गुरुजी, हिचें नांव सांपडलें." आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलें तें नांव तिनें आम्हांस वाचून दाखविलें.

मोतद्दाराचें नांव आतां कोठून आणावें? तें आपल्या हातीं नाहीं. पण दोनशें वर्षांनीं कोणा शाळेंत कोणी पोर उभें राहून तुमच्याविषयीं विचारील, तेव्हां तेथल्या मास्तराच्या हातांत खडू तसाच राहूं नये, एवढें आज आपल्या हातीं आहे. वही चार आण्यांची असो कीं चाळीस रुपयांची, आज रात्रीं घरीं जातांना तिचा विचार मनांत घेऊन जा, आणि घरांत जें सर्वांत म्हातारें माणूस असेल त्याच्याजवळ घटकाभर बसा. तें गाऊं लागलें तर मधें बोलूं नका.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.